चव घे आणि थुंकून टाक

९ जानेवारी

ही डायरी मागच्या वर्षीची. ह्यांना ऑफिसातून फुकट मिळाली होती, कोरीच राहिली. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. पण मला वार विचारायला येतंय कोण? हिशेबाची वही वेगळी आहे. तिच्यात दूध, भाजी, साबण यापलीकडे काही लिहिलं तर मलाच चैन पडणार नाही. पण सध्या मनात जे चाललं आहे ते तिथल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ही काढली. मॅट्रिकपर्यंत शिकले आहे. शुद्धलेखनाला देवानं माफ करावं.

मनात आहे तो बारकीचा चेहरा.

बारकी म्हणजे माझी धाकटी. थोरली लग्न होऊन लांब गेली, आता फोनवरूनच शहाणपण शिकवते. बारकीला कॉलेज मानवलं नाही. थंडी सुरू झाली तशी ती एका चॉकलेटवाल्या बाईंकडे काम शिकायला लागली. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिथे चॉकलेट वितळवायचं, संगमरवरी फरशीवर ओतायचं, पात्यानं पुढेमागे करत बरोबर तेवढंच थंड करायचं आणि साच्यात भरायचं. घरी आली की हातवारे करून सांगते. तुकडा मोडला की ‘टक्’ असा आवाज यायला हवा म्हणे. नाही आला तर सगळं पुन्हा वितळवायचं. ही पोरगी शाळेत कशाचंच नाव काढत नव्हती. आता झोपेतसुद्धा चॉकलेट.

आणि तोंडावर ही फोडांची रास. आधी कपाळावर, केसांच्या कडेकडेनं बारीक पुरळ. मग गालांवर लाल गाठी, काहींची तोंडं पांढरी. धुतलेल्या ताटलीसारखा चेहरा होता हो माझ्या लेकीचा. आता तिच्याकडे बघून बोलायचं म्हटलं तर मी कानाकडे बघून बोलते.

चॉकलेटनंच झालंय. घरात दुसरं काय बदललं? तेच पाणी, तेच जेवण, तीच उशी. नवीन आलं ते हे एकच.

१२ जानेवारी

आज जेवताना विषय काढला.

“तिथे तू दिवसभर चॉकलेट खातेस ना?”

“खात नाही, आई. चव घेते. बाई म्हणतात, जीभ हेच आपलं माप.”

“मग चव घे आणि थुंकून टाक.”

“आई!”

“आई काय? पोटात गेलं तर तोंडावर येणार. पोटात गेलंच नाही तर कुठून येईल?”

हे म्हणाले, “म्हणजे शिंप्यानं डोळे मिटून कापड कापायचं.” हे पाणीखात्यात आहेत, घरोघर फिरून मीटरचे आकडे टिपतात. दिवसभर गप्प असतात आणि मग नको तिथे तोंड उघडतात.

मी म्हटलं, “तुम्ही जेवा. तुमच्या मीटरला पुरळ येत नाही.”

बारकी हसली नाही. वाटीतलं वरण ढवळत बसली. मग हळूच म्हणाली, “थुंकते.” मला बरं वाटलं. आईचं ऐकणारी पोर आहे.

१९ जानेवारी

फरक नाही. उलट हनुवटीवर दोन नवे.

साबणानं कातडी जळते, म्हणून मी तिला नुसत्या पाण्यानं तोंड धुवायला सांगितलं आहे. साबणही वाचतो. ती म्हणते, “आई, चेहरा कसा चिकट चिकट वाटतो गं सकाळी.” मी म्हटलं, तिथल्या चॉकलेटच्या वाफा बसत असतील. लोणी असतं ना त्यात.

माझ्या हातात आहे ते मी करतेच आहे. पहाटे देवापुढे दिवा लावला की दिव्यातलं कोमट तेल बोटावर घेते आणि ती झोपेत असतानाच तिच्या कपाळाला, गालांना लावून प्रार्थना म्हणते. लहानपणी ती सारखी आजारी असायची तेव्हा लावत असे. मधे खंड पडला होता. नोकरी लागली त्या दिवसापासून पुन्हा नेमानं धरलं आहे, तिचं तिथे बस्तान बसावं म्हणून. तिला पत्ताही लागत नाही, दगडासारखी झोपते. जागी असती तर म्हणाली असती, आई, मी काय तान्ही आहे?

आता चेहऱ्यासाठीही म्हणते. बोट जरा जास्त बुडवते.

२ फेब्रुवारी

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. बारकी बरोबर होती. काकू तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवतात काय, आणि म्हणतात काय, “अगं बाई, चेहऱ्याची चाळण झाली की गं! लग्नाआधी बरं करून घ्या हो, नंतर कोण विचारतंय.”

बारकी म्हणाली, “चाळण बरी, काकू. कचरा वर राहतो.” आणि धाडधाड जिना उतरून गेली.

काकूंचं तोंड बघण्यासारखं झालं. मी माफी मागितली. घरी येऊन पोरीलाच रागावले. ती म्हणाली, “तू त्यांना काही का नाही म्हणालीस?” आता रात्री पाच-सात वाक्यं सुचली आहेत, उपयोग काय.

११ फेब्रुवारी

आज काळीज चिरलं.

दुकानात गर्दी होती म्हणून मालकीणबाईंनी बारकीला मागून पुढे काउंटरवर बोलावलं. एका बाईनं मोठा डबा भरून घेतला. पैसे द्यायच्या वेळेला बारकीच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, “हे सगळं इथलं खाऊन झालंय का?” मग डबा तिथेच ठेवून निघून गेली. तिच्या मागची पण गेली.

मालकीणबाई वाईट नाहीत. दार लावून घेतल्यावर त्यांनी बारकीला समजावलं म्हणे, “तुझा हात चांगला आहे. मार्चअखेर पलीकडच्या चौकात मी दुसरं दुकान उघडते आहे. तिथे तुला उभं करायचं माझ्या मनात होतं. पण गिऱ्हाईक आधी चॉकलेट बघत नाही गं, विकणाऱ्याचं तोंड बघतं. तोवर काही कर. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.”

वर आणखी एक. बारकी रुमालात चॉकलेट थुंकताना त्यांना दिसली. “माझा माल थुंकतेस?” असं विचारलं. ही काय सांगणार, आईनं सांगितलंय? म्हणाली, दात दुखतोय. खोटं बोलायला लागली माझ्यामुळे. देवा, हे माझ्या नावावर घे, तिच्या नको.

मार्चअखेर. देवाला हात जोडून सांगितलं, तोवर चेहरा स्वच्छ कर, मी चहातली साखर सोडते. मला गोड चहाशिवाय सकाळ उजाडत नाही हे त्याला माहीत आहे.

२० फेब्रुवारी

साखरेचा उपयोग नाही. गाल सुजलेत. उशीवर रक्ताचे ठिपके. तिनं फोड नखांनी फोडले असणार. मी हातावर चापट मारली. नको होती मारायला.

थोरलीचा फोन. “आई, तिला डॉक्टरला दाखव.” मी म्हटलं, पुरळ म्हणजे काय आजार आहे? चॉकलेट सुटलं की जाईल. त्या चामडीच्या डॉक्टरांकडे नुसतं आत गेलं की पाकीट रिकामं होतं असं ऐकते. थोरली म्हणाली, “तुझी काटकसर तुझ्यापाशी ठेव.” असं बोलायला मी तिला शिकवलं नव्हतं.

पहाटे आता दोनदा लावते. दिवा लावल्यावर एकदा आणि आंघोळ करून आल्यावर एकदा.

२७ फेब्रुवारी

काय लिहू.

बारकी आंघोळीला गेली होती. तिच्या पिशवीतून डबा बाहेर डोकावत होता. उघडला तर चॉकलेट. एक ओळ नाही, दोन ओळी, वर संत्र्याच्या साली. माझ्या डोक्यात सणक गेली. थुंकते म्हणून सांगते आणि चोरून घरी आणून खाते! मी साखर सोडून बसले आहे आणि ही! डबा तसाच नेला आणि केराच्या बादलीत उपडा केला, वरून भाजीची देठं टाकली. म्हटलं, बघूच काय म्हणते.

ती केस पुसत आली. पिशवी बघितली. माझ्याकडे बघितलं.

“आई, डबा?”

“टाकला.”

“कुठे?”

“जिथे टाकायचा तिथे. खोटं बोलतेस माझ्याशी?”

ती स्वयंपाकघरात गेली, बादलीत बघितलं. कितीतरी वेळ तशीच वाकून उभी होती. मग इतक्या शांतपणे बोलली की ओरडली असती तर बरं झालं असतं.

“ते माझं होतं. बाईंनी सांगितलं होतं, नव्या दुकानासाठी तुझं स्वतःचं एक करून दाखव. कडू, आणि त्यात साल. तू वाळवून ठेवलेल्या सालीच घेतल्या होत्या, विचारून घेतल्या होत्या, आठव. आज दाखवायचं होतं. आधी तुम्हां दोघांना देणार होते.”

मी म्हटलं, “मग पुन्हा कर.”

“काल मध्यरात्रीपर्यंत तिथे थांबून केलं होतं, आई. बाबांनी सांगितलं नाही तुला?”

ह्यांनी सांगितलं होतं. बारकीला उशीर होईल, एवढंच मी ऐकलं होतं.

ती कामाला गेली नाही. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

२८ फेब्रुवारी

गेली नाही.

३ मार्च

आजही नाही. आरशावर टॉवेल टाकला आहे. जेवण दाराशी ठेवते, अर्धं परत येतं. दिवे लावू देत नाही. मी आत गेले की पांघरूण डोक्यावरून घेते. बोलत नाही म्हणावं तर बोलते, पण ते ऐकण्यापेक्षा न बोललेलं बरं: “आई, मला कुणी बघूच नये असं वाटतं. तूसुद्धा.”

मी दाराबाहेर बसून तांदूळ निवडते. निवडून झाले की पुन्हा मिसळते आणि पुन्हा निवडते. आत श्वास ऐकू येतो तोवर ठीक.

चॉकलेट तर आता बंद आहे. चव नाही, वास नाही, काहीच नाही. मग फोड का वाढताहेत? देवा, मला कळत नाही. मी काय कमी केलं सांग.

८ मार्च

आज हे माझ्यावर पहिल्यांदा चिडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचा आवाज वाढलेला मला माहीत नव्हता.

“तू देवापाशी बस, मी नाही म्हणत नाही. पण उद्या पोरीला डॉक्टरकडे न्यायचं. पैसे मी देतो.”

“तुमचे आणि माझे वेगळे आहेत का?”

“नसतील तर मग प्रश्नच मिटला.”

नंतर स्वतःच बारकीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काय बोलले ऐकू आलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, “येते म्हणते. ओढणी गुंडाळून येईल. तू रस्त्यात तिला काही बोलू नकोस.”

९ मार्च

जाऊन आलो. सगळं जसं झालं तसं लिहिते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, केस कापलेले. बारकीला दिव्याखाली बसवलं, ओढणी काढायला लावली. मी भिंतीवरच्या चित्रांकडे बघत बसले. तिथे चामडी कापून आतलं दाखवलेलं, त्यापेक्षा जमिनीकडे बघितलेलं बरं.

“चेहऱ्याला काय लावतेस?”

“काहीच नाही. नुसतं पाणी,” बारकी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पातळ कागदाची चकती घेतली आणि तिच्या कपाळावर केसांच्या कडेला दाबून धरली. मग दिव्यासमोर धरली. कागदातून पलीकडचा उजेड दिसत होता.

“हे काय मग?”

“घाम असेल.”

“घाम वाळतो. हे तेल आहे. केसांना खूप तेल घालतेस?”

“आठवड्यातून एकदा. कालपरवा तर घातलंच नाही.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. मी पदराचं टोक नीट करत होते.

बारकीनं विचारलं, “चॉकलेटनं झालंय ना?” एवढ्या बारीक आवाजात, जणू कुणी मेलं आहे का असं विचारत होती.

“चॉकलेटनं काहींचं वाढतं, काहींचं नाही. दुधाचं, फार गोड असेल तर वाढू शकतं. तुझं वाढतं का ते बघू, पण ही फोडांची ठेवण बघ ना. कपाळाची कड, गाल, हनुवटी. हे वरून आलेलं आहे, आतून नाही. रंध्रं बुजली आहेत.”

“म्हणजे मी खाऊ शकते?”

“कडू खा. एखादा तुकडा, जेवणानंतर, चवीनं. पोटभर नको. वाढलं असं वाटलं तर मला सांग, आपण थांबवू. सकाळ-संध्याकाळ हे लिहून देते त्यानं चेहरा धू, रात्री हे मलम, पातळ. नखं लावायची नाहीत. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा. आणि चेहऱ्याला कुठलंही तेल नाही. महाग नाही, स्वस्त नाही.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “शुद्ध असलं तर?”

“शुद्ध तेलही तेलच असतं, ताई.”

येताना रिक्षात बारकीनं ओढणी गुंडाळली नाही. बाहेर बघत होती. मला म्हणाली, “तू असं का विचारलंस?”

मी म्हटलं, “असंच.”

१० मार्च

रात्रभर कूस बदलत होते. त्यांना काय माहीत कुठलं तेल? त्या बाजारच्या तेलाबद्दल बोलत होत्या. देवापुढे जळलेलं आणि बाटलीतलं सारखं कसं असेल? मी त्या तेलानं हिला न्यूमोनियातून उठवलं आहे. म्हणजे डॉक्टर होते, सुया होत्या, पण तेलही होतं.

आणि समजा मी सोडलं आणि हिचं काम गेलं? मग मीच हात काढून घेतला असं नाही होणार? इतके दिवस धरलं आणि ऐन वेळेला सोडलं, असं देव म्हणणार नाही?

आज फक्त टोकभर लावलं. एकच बोट.

११ मार्च

कसं लिहावं.

पहाटे नेहमीसारखी गेले. एवढंच लक्षात नव्हतं की बारकी आता पूर्वीसारखी झोपत नाही. दिवस दिवस पडून राहणाऱ्याला झोप कुठली. बोट कपाळाला टेकलं आणि तिनं माझं मनगट धरलं.

“काय करतेस?”

तिनं माझं बोट नाकाशी नेलं. वास घेतला. मग स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्याचा वास घेतला. मग उशीचा.

“आई, हे रोज करतेस?”

“अगं, देवाचं आहे.”

“रोज?”

“रोज.”

“कधीपासून?”

“तू कामाला लागलीस तेव्हापासून. तुझं बरं व्हावं म्हणून गं. तुझं तिथे चांगलं चालावं म्हणून.”

ती उठून बसली. तोंड उघडं, आवाज नाही. मला वाटलं हिला काही झालं. मग हसली. तसलं हसणं मी कुणाचं ऐकलेलं नाही आणि पुन्हा ऐकायचं नाही.

“म्हणजे मी इतके दिवस चॉकलेट थुंकत होते!”

“बारके—”

“बाईंसमोर रुमालात थुंकत होते! दात दुखतो म्हणून सांगत होते! आणि परवा डॉक्टरसमोर तू गप्प बसलीस. तुला तिथेच कळलं होतं ना?”

“मला वाटलं त्या दुसऱ्या तेलाचं—”

“नको. बोलू नकोस. आत्ता काही बोलू नकोस.”

हे उठून आले होते. दारात उभे. ह्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. रागावले असते तरी चाललं असतं.

बारकीनं तोंड धुतलं. नव्या बाटलीतल्या फेसानं, दोनदा. कपडे घातले. ओढणी नाही घेतली. सगळा चेहरा लाल, फोड उघडे, आणि निघाली. मी म्हटलं, “अशी कुठे निघालीस?”

“कामाला.”

तेव्हापासून मी इथे बसले आहे. दिवा विझला, पुन्हा लावला नाही. देवा, माझा तुझ्यावर राग नाही. पण तू माझा हात धरायचा होतास. तिनं धरायच्या आधी.

१३ मार्च

बारकी कामावर जाते, येते. माझ्याशी बोलत नाही. खोलीला आतून कडी लावते. त्या कडीचा आवाज ऐकला की मी ज्या खोलीत असेन तिथे थांबते.

मी अभ्रा धुऊन दाराशी ठेवला. तिनं घेतला. तेवढंच.

१७ मार्च

आज प्रार्थनेला बसले आणि काय मागायचं ते कळेना. तिचा चेहरा मागू? तो तर मीच घालवला. तिचं काम मागू? ज्या तोंडानं मागायचं त्यानंच तिला थुंकायला सांगितलं. शेवटी नुसती बसून राहिले. इतकी वर्षं मी देवापाशी यादी घेऊन जात होते, किराण्याला जावं तशी. आज हात रिकामे.

चहात साखर घातली. नवस फेडायचा की मोडायचा हेही कळत नाही. गोड लागला आणि रडू आलं.

२१ मार्च

हे आज घरी आले ते वेळेआधी, आणि पायातली चप्पल न काढता स्वयंपाकघरात.

“ऐक. आज बारकीच्या दुकानाकडची मीटरं होती.”

“बरं मग?”

“मीटर मागच्या खोलीच्या भिंतीला आहे. बाई आणि बारकी आत होत्या. मी आकडे टिपत होतो.”

“ऐकलंत ना तुम्ही चोरून?”

“मी मीटर वाचत होतो,” हे म्हणाले. “दोनदा वाचलं.”

मग सांगितलं. बारकीनं संत्र्याच्या सालीचं पुन्हा करून नेलं होतं. बाईंनी तुकडा मोडला, खाल्ला. मग म्हणाल्या, “हे ठेवू या. पण काउंटरवर मी दुसरी मुलगी ठरवते आहे. तू मागे राहा. तुला मागेच आवडतं ना?”

आणि माझी बारकी म्हणाली: “आवडतं. पण मागे मी लपायला नाही राहणार. चेहरा बरा व्हायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाल्या आहेत. तोवर मी असाच घेऊन उभी राहते. माझं चॉकलेट मी विकून बघते. पहिला आठवडा द्या. गिऱ्हाईक परत गेलं तर मी स्वतः मागे जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही.”

“आणि बाई?”

“बाई म्हणाल्या, आठवडाच. एक दिवस जास्त नाही.”

ह्यांना म्हटलं, “तिनं तुम्हांला बघितलं का?”

“बघितलं. ओळख न दाखवता म्हणाली, काका, आकडा नीट घ्या.”

२६ मार्च

थोडा फरक आहे. कपाळावर नवे नाहीत. जुने वाळताहेत, पण डाग आहेत, काळपट, आणि गालांवर अजून लालच. परवा दुकान उघडायचं. एवढ्यात कुठे जाणार आहेत ते.

रात्री जेवल्यावर ती चॉकलेटचा एक तुकडा घेऊन बसते. एकच. खिडकीशी, हळूहळू, डोळे मिटून. खाऊन झालं की चूळ भरते, तोंड धुते आणि कडी लावते. मी भांडी घासते आणि बघत नाही असं दाखवते.

आज मी धीर करून म्हटलं, “बारके, माझं चुकलं.”

ती म्हणाली, “माहीत आहे.”

“तुला राग आहे.”

“आहे.”

“किती दिवस असेल?”

“आई, मला कसं सांगता येईल?” मग दार लावता लावता म्हणाली, “पण विचारत राहा.”

२८ मार्च

नवं दुकान उघडलं. मी जाणार नाही असं ठरवलं होतं, कारण तिनं बोलावलं नव्हतं. ह्यांनाही नाही. दुपारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि पाय पलीकडच्या चौकात गेले.

दुकानाच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे, एक चपला शिवणारा बसतो. त्याच्या शेजारी उभी राहिले. त्यानं विचारलं, “काय तुटलंय?” मी म्हटलं, “काही नाही, थांबले आहे.” मग बराच वेळ झाला आणि लाज वाटली म्हणून एक चप्पल काढून दिली. चांगली होती. त्यानं उलटून-पालटून बघितली आणि उगाच दोन टाके घातले.

काचेतून सगळं दिसत होतं. बारकी काउंटरमागे. केस घट्ट मागे बांधलेले, कपाळ उघडं, वर पांढरी टोपी. एवढ्या लांबूनही डाग दिसत होते. मालकीणबाई मागे दाराला टेकून हाताची घडी घालून उभ्या. पहिली दोन माणसं घेऊन गेली, काही झालं नाही. मग एक जोडपं बघून बघून तसंच बाहेर आलं. बारकीनं काउंटर पुसला. जिथे स्वच्छ होता तिथेच पुसला.

मग एक बाई आली, माझ्याच वयाची, बरोबर तिची लेक. लेक चौदा-पंधराची, मान खाली, केस मुद्दाम तोंडावर घेतलेले. बाईनं डबा हातात घेतला, मग थांबली, आणि स्वतःच्या गालाकडे बोट केलं, मग बारकीच्या. मला आवाज येत नव्हता, पण प्रश्न कळला. तो प्रश्न मला पाठ आहे. माझं अनवाणी पाऊल फूटपाथच्या कडेला गेलं. आत जाऊन सांगावं, अहो हे तिच्या चॉकलेटचं नाही, माझं आहे, मी केलंय.

बारकी बोलायला लागली. चांगलं लांबलचक. एक बोट वर केलं, डोळे मिटले, झोपल्यासारखी मान कलती केली, आणि ते बोट स्वतःच्या कपाळावरून, गालावरून फिरवलं. माझ्यासारखं. हुबेहूब, ओठ हलवत.

ती बाई आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली, पोट धरून. तिनं आपल्या लेकीकडे बघितलं आणि स्वतःच्याच डोक्यावर हात मारला. मालकीणबाई पण हसत होत्या. त्या मुलीनं केस बाजूला केले आणि मान वर करून बारकीकडे बघितलं. बारकीनं फळीवरचा एक तुकडा मोडला, अर्धा तिला दिला, अर्धा स्वतः तोंडात टाकला. दोघी एकमेकींकडे बघत चावत होत्या. डबा त्यांनी घेतला.

सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढं हसत होती माझी पोर, फक्त काच मधे होती म्हणून.

चपलेवाला म्हणाला, “झाली, ताई.”

मी चप्पल घातली. रस्ता ओलांडला नाही. त्या बाईला तिनं माझं सगळं सांगितलं असणार, तेल, प्रार्थना, सगळं. उद्या आणखी कुणाला सांगेल, परवा आणखी कुणाला. सांगू दे. विकलं जातंय तोवर सांगू दे.